जावयाचा दम, सासूबाईंचा श्वास

"श्वास? श्वास घ्यायला मला शिकवणार? अहो डॉक्टर, माशाला पोहायचा क्लास लावाल उद्या!"

असं म्हणून दमदार तपासणीच्या टेबलावरून खाली उतरले, तेव्हा त्या टेबलाने सुटकेचा आवाज केला. दमदार हे त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. ते त्यांना काचेच्या कारखान्याने दिलेलं. दिव्यांचे मोठमोठे गोळे फुंकावेत ते दमदारांनीच. फुंकनळीच्या टोकाला वितळलेली काच घ्यायची, नळीला तोंड लावायचं आणि पलीकडे कलिंगडाएवढा गोळा फुगवून मगच तोंड काढायचं, ही त्यांची ख्याती. इतरांचा दम जिथे संपे तिथे दमदार नुसते भुवया उडवत. अडचण एवढीच, की गेल्या काही वर्षांत गोळ्यांबरोबर फुंकणाराही फुगत चालला होता.

कारखान्याचे डॉक्टर मात्र ख्यातीला भुलणारे नव्हते. "वजन बघा. रक्तदाब बघा. भट्टीसमोर असा माणूस उभा ठेवला तर उद्या मलाच जाब विचारतील. पुढच्या तपासणीपर्यंत दोन्ही खाली आणा. श्वासाचे व्यायाम करा, चाला, जेवण आवरा. नाहीतर मी तुम्हाला पॅकिंग खात्यात पाठवायची शिफारस करणार."

पॅकिंग खातं! दमदारांच्या पोटात गोळा आला, आणि तो फुंकूनही बाहेर पडेना. पॅकिंग खात्यात काय करायचं, तर दुसऱ्याने फुंकलेले दिवे भुशात झोपवायचे आणि खोक्यावर 'जपून' अशी चिठ्ठी डकवायची. खात्याच्या प्रमुख बाई स्वभावाने भल्या, पण त्यांच्या हाताखाली आयुष्यभर चिठ्ठ्या डकवायच्या? त्यापेक्षा भट्टीत उडी परवडली!

घरी येऊन त्यांनी हे बायकोला सांगितलं ते दुसऱ्यांदा वाढून घेता घेता. बायकोने आत जाऊन आईला फोन लावला. दुसऱ्या दिवशी सकाळी दारात सासूबाई उभ्या.

सासूबाई म्हणजे पावशेर हाडं आणि मणभर करारीपणा. उभं आयुष्य त्यांनी तलावावर मुलांना पोहायला शिकवलं. बुडणाऱ्या माणसाकडे बघावं तसंच त्या जगाकडे बघत. त्यांनी जावयाला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं आणि म्हणाल्या, "जावईबापू, झोपा पाठीवर. पोटावर हात ठेवा. आता श्वास घ्या."

दमदारांनी अशी काही छाती फुगवली, की खिडकीचा पडदा हलल्यासारखा वाटला.

"हा श्वास नव्हे, हा देखावा झाला," सासूबाई म्हणाल्या. "छाती खाली. पोट वर येऊ दे. सावकाश. आणि सोडताना घेतलात त्याच्या दुप्पट सावकाश."

"आई, एवढ्याशा श्वासाने चरबी कशी वितळणार?"

"श्वासाने चरबी वितळत नसते. तसं सांगणारा भेटला तर त्याला माझ्याकडे पाठवा, मी त्याला तलावात ढकलते! श्वास शांत झाला की माणूस ताळ्यावर येतो. भूक कुठे संपली आणि हावरटपणा कुठे सुरू झाला ते कळतं. झोप लागते. जिना चढताना धाप लागत नाही, म्हणून माणूस चार पावलं जास्त चालतो. मग वजन मुकाट्याने उतरतं. त्याला वेळ लागतो."

मग रोजचा परिपाठ सुरू झाला. सकाळी एका नाकपुडीने श्वास घेऊन दुसरीने सोडायचा. मग भुंग्यासारखं गुणगुणायचं. जेवायला बसलं की आधी डोळे मिटून शांत श्वास, आणि दुसऱ्यांदा वाढून घ्यायच्या आधी पुन्हा तेच. आश्चर्य म्हणजे डोळे उघडेपर्यंत दुसऱ्या वाढीची ओढ निम्मी झालेली असे. उरलेली निम्मी सासूबाई पातेलं उचलून नाहीशी करत.

दमदारांना मनातून हे पटू लागलं होतं, पण त्यांच्यातला कारागीर खवळला होता. नाक धरून बसायचं, गुणगुणायचं... ही काय मर्दुमकी झाली? बागेत एक गृहस्थ त्यांनी पाहिले होते. पोटाला हिसके देत फुस्! फुस्! फुस्! असा सपाटा लावायचे, आणि आजूबाजूची पाखरं उडून जायची. याला म्हणतात व्यायाम!

"ते तुमच्यासाठी नाही," सासूबाईंनी ठणकावलं. "तुमचा रक्तदाब चढलेला. डॉक्टर हो म्हणेपर्यंत हिसक्यांच्या वाटेला जायचं नाही."

"छे छे, आई! विचारसुद्धा नाही!" दमदार म्हणाले, आणि दुसऱ्या दिवसापासून जेवणाच्या सुट्टीत कारखान्यात चोरून ते सुरू केलं. जागा शोधली ती पॅकिंग खात्याच्या कोठीतली. खोक्यांच्या थप्पीमागे भुशाचं एक पोतं होतं, तेच आसन. डोळे मिटायचे आणि फुस्! फुस्! फुस्!

काही दिवस निभावलं. हिसके अंगात इतके मुरले, की दमदार चपला घालतानासुद्धा फुस् करू लागले. वजन तसूभर उतरलं होतं, आणि दमदारांनी त्याचं सगळं श्रेय फुसफुशीला दिलं. सासूबाईंच्या सावकाश श्वासाला आणि त्या उचललेल्या पातेल्याला त्यांनी हिशेबातच धरलं नाही.

आणि मग तो दिवस उजाडला.

एका नव्या ग्रंथालयाच्या दालनासाठी एक प्रचंड गोळा हवा होता. इतका मोठा, की त्यासाठी वास्तुरचनाकार बाई स्वतः बघायला येणार होत्या. मालकांनी दमदारांच्या पाठीवर थाप मारली. "आज कारखान्याची इभ्रत तुमच्या फुप्फुसात आहे!" दमदार म्हणाले, "मालक, गोळा झालाच म्हणून समजा!" आणि जरा जास्तीचा जोर यावा म्हणून ते सरळ कोठीत जाऊन पोत्यावर बसले.

त्याच वेळी पॅकिंगच्या बाई चिठ्ठ्या न्यायला कोठीत आल्या. खोक्यांमागून आवाज आला. फुस्स! फुस्स! फुस्स!

काचेच्या कारखान्यात माणूस एका आवाजाला सगळ्यात जास्त भितो, तो म्हणजे गॅस गळतीचा. बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. त्या चिठ्ठ्या उधळत धावत सुटल्या. "गॅस! कोठीत गॅस फुटलाय! बाहेर पळा!"

मुख्य कॉक बंद झाला. भोंगा वाजला. सगळा कारखाना अंगणात. डॉक्टर पेटी घेऊन धावत आले. आल्या आल्या वास्तुरचनाकार बाईंना फाटकातच अडवलं. माणसं मोजली, तर एक कमी!

"दमदार आत आहेत!" कुणीतरी किंचाळलं.

पॅकिंगच्या बाईंनी रडत रडत दमदारांच्या घरी फोन केला. मालक मात्र मर्द माणूस! त्यांनी तोंडाला ओला पंचा बांधला, "मी त्यांना असं जाऊ देणार नाही!" म्हणाले आणि आत घुसले. कोठीत पोचतात तो काय? पोत्यावर मांडी घालून, डोळे मिटून, लालबुंद चेहऱ्याने त्यांचा सर्वश्रेष्ठ कारागीर पंक्चर झालेल्या ट्रकसारखा आवाज करतोय. त्या आवाजापुढे त्याला भोंगाही ऐकू आला नव्हता.

"दमदार!"

दमदारांनी डोळे उघडले. समोर तोंड बांधलेला माणूस! "दरोडा!" म्हणून ते ओरडले आणि भुशाच्या पोत्यासकट मागे कोसळले.

अंगणात आल्यावर मालकांनी तोंडाचा पंचा सोडून पिळला. मग म्हणाले, "भट्टी पुन्हा तापली की गोळा फुंका. गोळा झाला तर ठीक. नाही झाला, तर तपासणीची वाट बघायला नको. कोठी तुम्हाला आवडतेच, तिथेच राहा."

भट्टी तापली. दमदारांनी काच घेतली, नळीला तोंड लावलं, आणि सवयीने पोटाला हिसका बसला. फुस्! गोळ्याला एक फुगवटा आला. त्यांनी सावरायचा प्रयत्न केला. फुस्! दुसरा फुगवटा. फुस्! तिसरा. थोड्याच वेळात नळीच्या टोकाला दिव्याच्या जागी वळ्यावळ्यांचं एक पोट लोंबकळू लागलं. आख्खा कारखाना एकदा त्या काचेकडे आणि एकदा दमदारांच्या सदऱ्याकडे बघू लागला. साम्य लपण्यासारखं नव्हतं.

"थांबा!" डॉक्टरांनी दंडाला पट्टा गुंडाळला, आकडा बघितला आणि पेटी मिटली. "आज हा माणूस फुंकणार नाही. विषय संपला."

दुसऱ्यांनी प्रयत्न केले. कुणाचा दम नारळाएवढ्या गोळ्यावर सुटला, कुणाचा त्याच्याही आधी. वास्तुरचनाकार बाई घड्याळ बघू लागल्या. दमदार कोपऱ्यात उभे होते. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना स्वतःचा दम आठवून लाज वाटत होती.

एवढ्यात फाटकातून बायको आणि सासूबाई धापा टाकत आल्या. म्हणजे धापा बायको टाकत होती. सासूबाई बागेत फिरून आल्यासारख्या दिसत होत्या. जावई जिवंत आहे हे त्यांनी पाहिलं, टांगलेलं ते काचेचं पोटही पाहिलं आणि काय झालं असेल ते त्यांना न सांगता कळलं.

"हिसके दिलेत ना?"

"हो, आई."

"बरं. मला एक सांगा. हा मोठा गोळा फुंकायचा कसा असतो? जोरात?"

दमदारांनी मान खाली घातली. खरं उत्तर त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? "नाही, आई. हळू. सलग. मध्ये तुटता कामा नये."

"मग रोज सकाळी मी तुम्हाला दुसरं काय सांगतेय?"

मग सासूबाई मालकांकडे वळल्या. "नळी यांनीच फिरवायची ना? मग फिरवू द्या. मी टोकाला बसून श्वास सोडते."

मोठ्या कामाला एकाने बाकावर बसून नळी फिरवायची आणि दुसऱ्याने फुंकायचं ही पद्धत होतीच. मालकांना दुसरा मार्गही नव्हता. दमदार बाकावर बसले. सासूबाईंनी पदर खोचला, चष्मा चढवला, पोट भरून श्वास घेतला आणि नळीला ओठ लावले.

श्वास बाहेर पडतोय असं कुणाला दिसेना. गाल फुगले नाहीत, चेहरा लाल झाला नाही. पण नळीच्या पलीकडे काच उमलू लागली. मोसंबं झालं, नारळ झाला, कलिंगड झालं. काच भट्टीत तापवून आणायची, पुन्हा एक श्वास. दमदार एकसारखी नळी फिरवत होते आणि बघत होते. त्यांच्या हातांना इतकी सुरेख, इतकी एकसंध फुंक कधी लाभली नव्हती. ही मूठभर बाई, आणि हिच्या आत एवढा मोठा तलाव आहे! आपण हिच्यासमोर छाती फुगवून पडदे हलवत होतो! त्यांना मनापासून हात जोडावेसे वाटले, पण हातात नळी होती.

गोळा झाला. वाटोळा, नितळ, कुठे सुरकुती नाही. कारखान्याने टाळ्या पिटल्या. वास्तुरचनाकार बाई चक्क सासूबाईंच्या पाया पडल्या. डॉक्टरांनी पट्टा त्यांच्याही दंडाला गुंडाळला आणि आकडा बघून स्वतःच्या छोट्या पोटावरून खिन्नपणे हात फिरवला.

त्यानंतर दमदार सुतासारखे सरळ झाले. हिसके बंद. सावकाश श्वास, आवरलेलं जेवण, संध्याकाळी सासूबाईंच्या मागे मागे चालणं. सदरे हळूहळू सैल झाले, बायकोने ते आनंदाने शिवून आत घेतले. पुढच्या तपासणीला वजन उतरलेलं, रक्तदाब ताळ्यावर. डॉक्टरांनी सही केली, "भट्टीसमोर उभे राहायला हरकत नाही!" दमदार तरंगतच मालकांच्या खोलीत गेले. तिथे सासूबाई आधीच चहा घेत बसलेल्या!

"या, दमदार!" मालक म्हणाले. "वास्तुरचनाकार बाईंनी अजून गोळे मागवलेत. पण अट घातलीय, की फुंकणार या आजीच. आजी तयार आहेत. आता आजींचीही एक अट आहे."

"नळी फिरवायला जावईबापूच हवेत," सासूबाई म्हणाल्या. "दुसरं कुणी चालणार नाही."

दमदारांनी या वेळी दोन्ही हात जोडले. म्हणजे भट्टी सुटली नाही! आणि तेही सासूबाईंमुळे! "आई, इतके कारागीर असताना... मीच का?"

सासूबाईंनी कप खाली ठेवला.

"त्या दिवशी नळी फिरवताना तुम्ही तोंडातून एक शब्द काढला नाहीत, जावईबापू. लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच! मला रोज तेवढाच विसावा."