मागं जागा असलेला टीव्ही

वासुभाऊ रस्त्यात भेटले की आधी एक डोळा झाकून आपल्याकडे बघत, मग दुसरा झाकून. नवख्या माणसाला वाटे, हा गडी आपली थट्टा करतोय. शेवटी दोन्ही डोळे उघडून समाधानानं म्हणत, "आता बराबर. एका डोळ्यानं तुम्ही अगदीच चपटे दिसता."

नांदुऱ्यात आमच्या कापडदुकानाला लागून त्यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान. गावात टीव्ही नवे नवे आले होते. ज्याच्या घरी टीव्ही, त्याच्या घरी सगळी आळी लोटायची. वासुभाऊंना मात्र त्या टीव्हीचा भारी राग. "माणूस बातम्या सांगून राह्यला, पण त्याच्या मागं जागा काऊन नाही? कॅलेंडर पाह्यल्यावानी वाटते," म्हणायचे. तेव्हा मागं जागा असलेला टीव्ही आपणच करायचा, असं त्यांनी घेतलं डोक्यात. आणि त्यांच्या डोक्यात शिरलेली गोष्ट बाहेर काढणं ब्रह्मदेवाच्या बापालाही जमलं नसतं.

सुमनवहिनी वारल्या, त्यानंतरचं हे खूळ. मूलबाळ नव्हतं. आम्ही म्हणायचो, चला, बिचाऱ्याला विरंगुळा तरी आहे.

घरी एका लाकडी पेटीत त्यांनी दोन छोटे टीव्ही आणि तिरपे आरसे बसवले, एकेका डोळ्याला एकेक टीव्ही दिसेल असे. हळूहळू दुरुस्तीची कामं घेणंच सोडलं. रेडिओ घेऊन आलेलं गिऱ्हाईक परत जाताना बघून माझा जीव तुटायचा. ते मात्र खुशीत. "आधी शेगावचे लॉजवाले घेतील, मंग अकोल्याचे हॉटेलवाले. मंग बंबईवाले आपल्या दारात. तुम्ही कापड सोडा भाऊ, माही एजन्सी घ्या."

शेगावात माझ्या ओळखीचे एक लॉजवाले होते. भक्तमंडळींसाठी हॉलमध्ये टीव्ही लावायचा म्हणत होते. पेटी गोधडीत गुंडाळून आम्ही पॅसेंजरनं नेली. मालक बरोबर मधल्या खुर्चीत बसले आणि बघतच राहिले.

"अरे बाप्पा," ते म्हणाले, "हा माणूस त खरंच आत बसेल हाय."

वासुभाऊंचा चेहरा असा उजळला की मलाच भरून आलं. मालकांनी कौतुकानं बायकोला हाक मारली. त्या शेजारच्या खुर्चीत टेकल्या आणि डोळे चोळायला लागल्या. "मले त दोन-दोन दिसून राह्यले."

त्यांना मधे बसवलं, तर मालकांना दोन-दोन दिसायला लागले. वासुभाऊंनी खुर्च्या सरकवल्या, आरसे हलवले, काच धोतरानं पुसली. दाराशी जमलेल्या भक्तांना तर काहीच धड दिसेना.

मालक भला माणूस. हळूच म्हणाले, "भाऊ, चीज झकास हाय. पण एकाच माणसाले दिसते. आपल्याकडं एकलं बसून टीव्ही कोण पाह्यते? हा माल नाही खपत. करताना ध्यानात नाही आलं काय?"

वासुभाऊ पेचकस हातात धरून पेटीशेजारी उभे होते.

"नाही आलं," ते म्हणाले. "घरी मीच पाह्यत होतो."

मालकांनी चहा सांगितला. मी पेटीवर गोधडी घालायला लागलो, तेव्हा वासुभाऊ माझ्याकडे न बघता म्हणाले, "सुमन असती, त पह्यल्याच दिवशी बाजूले बसून म्हटलं असतं तिनं, मले दोन-दोन दिसते म्हणून."