छत्रीवरची कोरडी चादर

तेल्हाऱ्याच्या वामनरावांचा टीव्हीवर दिसण्याचा दिवस आणि आकाशातल्या उपग्रहाचा निवृत्त होण्याचा दिवस, यांत अवघ्या नऊ दिवसांचं अंतर होतं. इतकी वर्षं वर टांगून राहिलेल्या उपग्रहाला आणखी नऊ दिवस कळ काढायला काय होत होतं, असं वामनरावांचं म्हणणं होतं आणि ते रास्तच होतं.

वामनराव प्रगतिशील शेतकरी. म्हणजे त्यांची कपाशी चारचौघांसारखीच येते, पण ते तिच्याविषयी बोलतात जास्त. डिसेंबरात सरकारी वाहिनीने त्यांना नागपूरला बोलावून गुलाबी बोंडअळीवर अकरा मिनिटांची मुलाखत घेतली. प्रक्षेपण मे महिन्यात ठरलं, गुरुवारी संध्याकाळी साडेसहाला. तेव्हापासून ते भेटेल त्याला तारीख सांगत होते. लग्नाच्या पंगतीत सांगितली, मयतीला गेले तिथेही सांगितली, फक्त जरा हळू आवाजात. दुसऱ्या दिवशी चौकात कुणीतरी म्हणावं, "वामनराव, पायलं बरं का तुमाले टीव्हीत," एवढी एकच इच्छा त्यांना या वयात उरली होती. मोबाईलवरही दिसेल, असं मुलाने सुचवून पाहिलं. मोबाईलमध्ये माणूस बोटाएवढा दिसतो, आणि बोटाएवढं दिसायला आपण नागपूरला गेलो नव्हतो, असं त्यांनी त्याला सांगितलं.

आणि मंगळवारी टीव्ही निळा झाला. पडद्यावर अक्षरं आली : "प्रिय ग्राहक, आपल्या उपग्रहाचे आयुर्मान संपुष्टात आले असून त्याचे काम अधिक सक्षम उपग्रहाकडे सोपवण्यात आले आहे. आपल्या सोयीसाठी आपली सेवा बंद करण्यात येत आहे. कृपया छत्रीची दिशा बदलून घ्यावी."

गावातल्या छत्र्या बसवायचं काम धम्मदीप करतो. तो पाना घेऊन गच्चीवर चढला.

"काही नाही काका. जुन्याचं इंधन सरलं. नवा सोडला, पण त्याची जागा जरा पूर्वेच्या अंगाले हाय. छत्री एवढी फिरवली का झालं."

त्याने छत्री वीतभर फिरवली. वामनराव छत्रीच्या मागे उभे राहिले आणि बांधाची रेघ तपासावी तसा एक डोळा मिटून त्यांनी नेम धरला. रेघ समोरच्या कडुनिंबावरून गेली, पाण्याच्या टाकीवरून गेली आणि पुढे जातच राहिली.

"हे तोंड कुणीकडे झालं?"

"आग्नेयेकडे."

"आग्नेय मले नको सांगू. गाव सांग."

धम्मदीप खरं बोलणारा माणूस, तिथेच चुकला. "गावच इचारता तर... अमरावतीच्याच अंगाले म्हणा."

"फिरव मांगं."

अकोला जिल्ह्यातल्या माणसाचं अमरावतीशी वैर नाही, हे आधी स्पष्ट केलेलं बरं. त्याला फक्त काही गोष्टी आठवतात. विभागाचं मुख्यालय अमरावतीला, विद्यापीठ अमरावतीला, पोरांच्या शिकवण्या अमरावतीला. अकोल्याकडे एक कृषी विद्यापीठ आहे, पण रडताना त्याचा उल्लेख करायची पद्धत नाही. राहता राहिलं ऊन, आणि उन्हाचा उच्चांकही एखाद्या वर्षी अमरावती पळवते.

"काका, उपग्रह छत्तीस हजार किलोमीटर वर हाय," धम्मदीप म्हणाला. "अमरावतीशी त्याचा काय संबंध?"

"वर असो नाही तं खाली असो. माह्या घराची छत्री अमरावतीकडे तोंड करून बसणार नाही."

संध्याकाळपर्यंत 'उपग्रह दिशाबदल विरोधी कृती समिती' स्थापन झाली. वामनराव पहिल्यांदा बोलले म्हणून अध्यक्ष, त्यांच्याच गल्लीतले केशवराव त्यांच्याहून मोठ्याने बोलले म्हणून उपाध्यक्ष. ठराव एकमताने झाला : उपग्रह अकोल्याच्या डोक्यावर परत आणेपर्यंत गावातली एकही छत्री फिरणार नाही, आणि या काळात जो टीव्ही पाहील तो फितूर समजला जाईल. टाळ्या पडल्या. सगळ्यांत जोरात वामनरावांनीच वाजवल्या.

समितीचं निवेदन तहसिलीतून जिल्ह्याला गेलं. विषय एका जिल्ह्याचा नसल्यामुळे जिल्ह्याने ते विभागाकडे पाठवलं, म्हणजे अमरावतीला. अमरावतीचं उत्तर कधी नव्हे ते पाचव्या दिवशी आलं : "सदर उपग्रह स्थिर असल्याचे नमूद आहे. तरी तो स्थावर मालमत्तेत मोडतो किंवा कसे, आणि मोडत असल्यास त्याच्या चतुःसीमा कोणत्या, याचा खुलासा उलट टपाली सादर करावा." समितीने चतुःसीमा ठरवायला उपसमिती नेमली. खाली तेल्हारा, यावर एकमत झालं. वर काय लिहावं, यावर दोन बैठका गेल्या.

दुसऱ्या बैठकीहून वामनराव छाती काढून घरी आले. त्यांच्या पत्नी गोदाबाई गहू निवडत होत्या. मान वर न करता त्यांनी विचारलं, "गुरुवारी तुमी दिसणार कशात जी?"

वामनराव बाजेवर बसून बोटांवर दिवस मोजू लागले.

बुधवारी भर दुपारी, ऊन असं की रस्त्यावर कुत्रंही नाही, तेव्हा त्यांनी धम्मदीपला मागच्या दाराने बोलावलं.

"फक्त अकरा मिनिटांसाठी फिरव बावा. पण कोणाले दिसलं नाही पायजे."

धम्मदीपला नवल वाटलेलं दिसलं नाही. "छत्रीवर चादर वाळू घाला काका. चादरीखाली तोंड कुणीकडे हाय, कोणाले समजते? फक्त ओली नको. ओल्या चादरीतून सिग्नल नीट येत नाही."

"म्हंजे कोरडी चादर वाळू घालू?"

"हो. आन् टीव्हीचा आवाज बंद ठेवा."

"तुले हे सुचलं कसं?"

धम्मदीप पाना पुसत राहिला. वामनरावांनी सहज गच्चीवरून गल्लीकडे पाहिलं. घरोघरच्या छत्र्यांवर चादरी होत्या. केशवरावांच्या छत्रीवरची तर नवी कोरी, घडीच्या खुणांसकट. ऐन पाणीटंचाईत साऱ्या गल्लीने एकाच दिवशी धुणं काढलं, याचा वामनरावांना थोडा राग आला.

गुरुवारी साडेसहाला त्यांनी दारं लावली. एरवी या वेळी गल्लीत बारा टीव्ही ओरडत असतात. त्या दिवशी गल्ली चिडीचूप होती. पडद्यावर वामनराव आले. हिरवा स्वेटर, कपाळाला गंध. त्यांचं तोंड अकरा मिनिटं हललं. बोंडअळीवरचा त्यांचा तो खास मुद्दा, ज्याच्यासाठी त्यांनी रात्रभर पाठांतर केलं होतं, तो हातवाऱ्यांवरून गोदाबाईंना साधारण कळला.

"बरे दिसता," गोदाबाई म्हणाल्या. वामनरावांचे डोळे भरून आले. पण बायकोने म्हणणं वेगळं आणि चौकाने म्हणणं वेगळं.

शुक्रवारी ते चौकात तीनदा गेले. लोक पिकापाण्याविषयी बोलले, उन्हाविषयी बोलले. एक-दोघांनी त्यांच्याकडे पाहून तोंड उघडलं आणि जांभई दिली. पोटात आलेलं कौतुक जांभईवाटे काढून टाकता येतं, हे वामनरावांना त्या दिवशी कळलं.

शनिवारी मात्र नळावर शेजारच्या तानुबाईंनी गोदाबाईंना विचारलं, "काहून वो, वामनरावनं उन्हाळ्यात स्वेटर काहून घातला व्हता?"

गोदाबाईंनी घरी येऊन सांगितलं. वामनराव इतके खूश झाले की दुसऱ्यांदा चहा घेतला. कुणीतरी पाहिलं होतं. पण नळावर इतरही बाया होत्या, आणि संध्याकाळी समितीची तातडीची सभा लागली.

केशवराव उभे राहिले. "तानुबाईनं टीव्ही पायला, हे सिद्ध हाय. स्वेटरची गोष्ट तिले कशी समजली? तिले फितूर ठरवा."

"पण ती स्वेटरची गोष्ट खरी हाय, हे तुमाले कसं समजलं?" वामनरावांच्या तोंडून निघून गेलं. निघून गेल्यावर त्यांना गंमत वाटली, आणि पाठोपाठ भीती.

चाळीस माणसं चाळीस दिशांना पाहू लागली. स्वेटर होता म्हणावं, तर म्हणणाऱ्याने तो पाहिला. नव्हता म्हणावं, तर कोणता तरी दुसरा कपडा पाहिला. कोपऱ्यात बसलेला धम्मदीप आपल्या पान्याकडे पाहत होता. त्याच्याकडे मात्र कुणीच पाहत नव्हतं.

शेवटी केशवरावांनीच वाट काढली. ठराव झाला : "गुरुवारी कोणताही स्वेटर नव्हता. वामनरावही नव्हते. अध्यक्ष आजपावेतो कोणत्याही वाहिनीवर दिसलेले नसून तशी अफवा पसरवणाऱ्यावर कारवाई करण्यात येईल." सूचक केशवराव. तानुबाई सुटल्या. सभेने ठरावाची वही अध्यक्षांसमोर सरकवली.

वामनरावांनी पेन हातात घेतलं. एकदा सगळ्यांच्या तोंडांकडे पाहिलं. प्रत्येक तोंडावर तेच वाक्य होतं, ज्याच्यासाठी ते डिसेंबरपासून थांबले होते. कुणीतरी म्हणेल म्हणून ते थोडा वेळ तसेच थांबले. मग त्यांनी सही केली.

तुम्ही म्हणाल, काय खुळं गाव. जरूर म्हणा. पण म्हणण्याआधी एकदा आपल्या गच्चीवर जाऊन या. तिथे वाळत असलेली चादर ओली आहे का, तेवढं हात लावून पाहा.