जावयाची थ्री-नॉट-थ्री

उत्तम वस्तू बनवून माणसाचं समाधान होत नाही. ती उत्तम आहे हे कुणीतरी अधिकृतपणे मान्य करावं लागतं.

ब्रिटिशांची ली-एनफील्ड रायफल, म्हणजे आपल्या पोलिसांची थ्री-नॉट-थ्री, अशीच मान्यताप्राप्त. ली नावाच्या गृहस्थांचा बोल्ट, एनफील्डच्या कारखान्यातली नळी, पोटात दहा गोळ्या. तिच्या मॉडेलांना मार्क वन, मार्क टू असे क्रमांक. बोल्ट मागच्या बाजूला अडकत असल्याने चटकन मागेपुढे होतो. दोन्ही महायुद्धांत तिने जर्मनांवर मनापासून काम केलं. (जर्मन आता तो विषय काढत नाहीत. सुसंस्कृत समाज आहे.)

जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगच्या मराठी मंडळाने स्वातंत्र्यलढ्यावर नाटक बसवलं, तेव्हा उत्कर्ष या मेकॅनिकल इंजिनिअरने ही रायफल हुबेहूब लाकडात घडवली. गोऱ्या शिपायाचं काम त्याचे सासरे विलासराव करणार होते. ते साताऱ्याचे निवृत्त हवालदार, लेकीकडे मुक्कामाला आलेले. नोकरीभर त्यांनी हीच बंदूक वाहिली होती, आणि जावयाशी बोलायला त्यांना प्रथमच विषय सापडला होता.

तालमीला दोघे ट्रामने निघाले. रायफल विलासरावांच्या खांद्यावर. पुढच्या थांब्यावर सगळे प्रवासी उतरले आणि दोन पोलीस चढले.

खऱ्यासारखी दिसणारी खोटी बंदूक उघड्यावर नेण्यास जर्मनीत मनाई आहे. (खरी नेण्यासही आहे, पण ते कलम वेगळं.)

विलासराव हळूच म्हणाले, "जावईबापू, सांगा त्यांना, हे लाकूड आहे. याला कोण रायफल म्हणेल?"

उत्कर्षने ते जर्मनमध्ये सांगितलं. पोलिसाने रायफल निरखली. "गेनाऊ, अगदी बरोबर," तो म्हणाला. "अजिबात खरी वाटत नाही." आणि त्याने ती परत पुढे केली.

उत्कर्षने ती घेतली नाही. "आल्झो, तर मग," तो म्हणाला, "जरा बोल्ट ओढून बघा."

पोलिसाने ओढला. मग उत्कर्षने त्याला नळीवरची नेम धरायची माशी, मॅगझिन आणि दस्त्याचा उतार समजावून सांगितला. पोलिसाला सगळं पटलं. रायफल जप्त झाली.

"काय म्हणाले?" विलासरावांनी विचारलं.

"हुबेहूब आहे म्हणाले, बाबा," उत्कर्ष म्हणाला. तो फार दिवसांनी हसत होता.

नाटक छत्रीवर निभावलं. विलासरावांनी छत्री खांद्याला लावून नेम धरला, तेव्हा सभागृह हसलं. शिपाई मरण्याच्या प्रवेशापर्यंत ते हसतच राहिलं. विलासराव मुक्काम आटोपता घेऊन साताऱ्याला परतले. मुलीशी ते रोज फोनवर बोलतात. जावई घेतो तेव्हा रेंज जाते.

ही हकीकत आम्ही अनेकांना सांगितली. विलासराव कसे आहेत, असं अद्याप कुणी विचारलेलं नाही. आपल्याही मनात जो प्रश्न आहे, त्याचं उत्तर: मार्क थ्री.