मजेत असलेला गवा

मुलांनो, नीट सरसावून बसा. ही गोष्ट अशा एका जंगलातली आहे, जिथे सगळ्यांची तब्येत कायम छान असायची. म्हणजे कोणी विचारलं की छान असायची. एरवी ती कशी असायची, ते पाहायला कोणी थांबायचं नाही.

त्या जंगलात हैबतराव नावाचा एक गवा राहायचा. धिप्पाड अंग, रुंद खांदे, वळणदार शिंगं. तरुणपणी वाघाने त्यांच्या मांडीचा लचका तोडला, तरी त्यांनी तोंडातून हूं की चूं काढलं नाही, अशी त्यांची ख्याती होती. ही ख्याती ते स्वतःच सगळ्यांना सांगत. सांगताना आवाज मुद्दाम खाली आणत, त्यामुळे ऐकणाऱ्याला जवळ सरकावं लागे.

एकदा हैबतरावांच्या मानेखाली गाठ आली. त्यांनी गाठीकडे दुर्लक्ष केलं. गाठीने त्यांच्याकडे केलं नाही.

शेवटी त्यांच्या बायकोने, सुंद्राबाईंनी, त्यांना मागून ढकलत दवाखान्यात नेलं. दवाखाना डॉक्टर साळवीबाईंचा होता. साळवीबाई जातीने साळू. अंगभर काटे, त्यामुळे इंजेक्शनच्या सुया घरच्याच. त्यांनी गाठ दाबून पाहिली, तपासण्या केल्या आणि आडपडदा न ठेवता सांगितलं.

"कॅन्सर आहे, हैबतराव. नेहमीच्या औषधाला ही गाठ दाद देणार नाही. एक नवं औषध आलंय. पौर्णिमेनंतर आम्ही त्याची ट्रायल सुरू करतोय. यायचं की नाही ते तुमच्यावर. मधेच सोडलंत तरी माझी हरकत नाही."

"नवं म्हणजे कसं?" सुंद्राबाईंनी विचारलं.

"म्हणजे किती डोस लागू पडतो आणि किती सोसवतो, हे अजून आम्हालाच ठाऊक नाही. तेच शोधायचंय. गाठ केवढी झाली ते मी मोजीन. पण औषध घेऊन दिवस कसा जातो, घास गिळवतो का, झोप लागते का, चालवतं का, हे मला बाहेरून दिसणार नाही. ते यांनीच सांगायचं. गाठ गेली आणि जगण्यातही काही उरलं नाही, तर त्या औषधाचं करायचं काय?"

हैबतरावांनी यातलं जेमतेम निम्मं ऐकलं. बाकीचा वेळ ते धीरोदात्त चेहरा करण्यात गुंतले होते.

"माझं नाव घाला," ते म्हणाले. "आपल्याला असल्या औषधाबिषधाने काही होत नाही."

ट्रायलमध्ये दुसरी एक रुग्ण होती. चिमाबाई भेकर. मुलांनो, भेकर म्हणजे अगदी लहान चणीचं हरीण, पण भुंकतं कुत्र्यासारखं. चिमाबाई तर वाळकं पान पडलं तरी भुंकत. त्यांच्या पोटाशी हैबतरावांसारखीच गाठ होती.

औषध सुरू झालं. दर भेटीत साळवीबाई दोघांना समोर बसवून विचारत.

"तोंड आलंय," चिमाबाई सांगत. "खूर जळतात. गवत तोंडात घातलं की गंज चाटल्यासारखं वाटतं. झोप नाही. आणि उगाच रडू येतं."

"बरं. हैबतराव, तुम्ही?"

"मजेत."

"तोंडात फोड?"

"मजेत."

"खूर जळतात का?"

"अहो, मजेत आहे म्हटलं ना."

खरं सांगायचं तर हैबतरावांचे खूर निखाऱ्यावर ठेवल्यासारखे जळत. ते रोज वरच्या अंगाला, ओढ्याच्या डोहात जाऊन पाय बुडवून उभे राहत. कोणी पाहिलंच, तर चिंतन करतोय म्हणत. कोवळा बांबू चावायचे आणि कोणाचं लक्ष नाही असं बघून झुडपामागे थुंकायचे. आपण किती सोसतो आहोत याचं त्यांना मनातून कौतुक वाटे. ते कौतुक करायला दुसरं कोणी नाही याचं वाईटही वाटे. पण तेही ते सोसत.

साळवीबाई डॉक्टर चांगल्या होत्या. पण चांगली बातमी त्यांनाही आवडायची. दोघांच्याही गाठी थोड्या आक्रसल्या होत्या. एकाला काहीच त्रास नव्हता आणि एकीला सगळेच होते. त्यात त्या एकीचा स्वभावच भुंकण्याचा. साळवीबाईंनी हिशेब केला, औषध सोसवतंय. त्यांनी दोघांचा डोस वाढवला.

इकडे हैबतरावांना औषधाचा काहीच त्रास नाही हे ऐकून वानरांच्या मंडळाने त्यांचा सत्कार ठरवला. गळ्यात वेलींचा हार आला. हैबतराव बोलायला उभे राहिले.

"दुखणं अंगात नसतं, मनात असतं," ते म्हणाले. मग त्यांची नजर पहिल्या रांगेतल्या चिमाबाईंवर गेली आणि त्यांना विनोद सुचला. "आता काहींचं मनच असं, की पान पडलं तरी दुखतं."

सगळं जंगल हसलं. चिमाबाईही हसल्या. जरा उशिरा हसल्या, एवढंच.

पुढच्या भेटीत साळवीबाईंनी विचारलं, "चिमाबाई, कसं वाटतंय?"

"मजेत," चिमाबाई म्हणाल्या.

हैबतरावांना हे खटकलं. तो शब्द त्यांचा होता.

डोस आणखी वाढला. आता जंगल कसं शांत झालं. पान पडायचं, पण भुंकणं ऐकू यायचं नाही. शेजारपाजारच्यांना बरंच वाटलं.

एके दिवशी हैबतराव डोहावर चिंतनाला गेले, तर तिथे आधीच कोणी तरी होतं. चिमाबाई काठावर आडव्या पडल्या होत्या. चारही खूर पाण्यात. खुरांच्या वरची कातडी सोलवटून निघाली होती.

"चिमाबाई, काय झालं हो?"

"काही नाही. मजेत आहे." त्या उठायला गेल्या. पाय टेकेनात. पुन्हा पडल्या.

"अहो, मग भुंकायचं नाही का?"

"तुम्ही हसला असतात."

हैबतराव डोहात उतरले आणि त्यांच्या शेजारी उभे राहिले.

"खरं सांगा, हैबतराव," चिमाबाईंनी विचारलं. "तुम्हाला काहीच होत नाही?"

चिंतनाचं उत्तर त्यांच्या जिभेवर तयार होतं. पण त्या जिभेवर फोडही होते. त्या दिवशी दोन्हींचा भार त्यांना पेलेना.

"माझे खूर जळतात," ते म्हणाले. "इतके, की डोळ्यात पाणी येतं. बांबू लाकडासारखा लागतो. काल सुंद्रावर ओरडलो. तिची चूक एवढीच, की ती शेजारी श्वास घेत होती."

"मग मजेत काय आहे?"

"काहीच नाही. म्हणायला सोपं जातं."

"तुमच्या सोप्यापायी माझा डोस वाढला," चिमाबाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. राग यायलाही अंगात ताकद लागते.

हैबतरावांनी साळवीबाईंना हाक मारायला तोंड उघडलं. खरं तर नुसती हाकच मारायची होती. पण वाघाच्या लचक्यापासून आत जे जे कोंडून ठेवलं होतं, ते सगळं त्या हाकेमागे बाहेर पडलं. असा हंबरडा जंगलाने कधी ऐकला नव्हता. वानरं झाडावरून घसरली. साळवीबाई काटे खुळखुळवत धावत आल्या. मागोमाग सुंद्राबाई आल्या.

साळवीबाईंनी चिमाबाईंचे पाय पाहिले आणि दोघांचंही औषध तिथल्या तिथे थांबवलं. मलमपट्टी करता करता त्यांनी विचारलं, "हैबतराव, तुमचं खरं काय ते सांगा."

हैबतरावांनी सांगायला सुरुवात केली. ऊन डोक्यावर आलं तरी ते सांगतच होते. साळवीबाईंचे काटे हळूहळू खाली बसत गेले.

"हे पहिल्यांदाच सांगितलं असतंत, तर डोस वाढवला नसता. उतरवला असता," त्या म्हणाल्या. "आणि चिमाबाई पहिल्यापासून सांगत होत्या. मी ऐकलं नाही. मला तुमचं मजेत जास्त आवडत होतं."

सुंद्राबाईंनी वेगळंच विचारलं. "मला तरी का नाही सांगितलंत?"

"तुला वाईट वाटलं असतं."

"आणि ओरडलात तेव्हा काय बरं वाटलं?"

"नाही," हैबतराव म्हणाले. खरं बोलायला नवीनच शिकले होते ते.

पाय भरून आल्यावर साळवीबाईंनी दोघांना पुन्हा विचारलं, औषध घ्यायचं का? दोघं हो म्हणाली. या वेळी डोस पुष्कळ कमी होता. चिमाबाईंची गाठ बोराएवढी होऊन थांबली. पण त्यांच्या मागच्या एका खुरातली जाणीव गेली ती गेलीच. त्या जरा लंगडत चालतात आणि अधूनमधून त्याबद्दल भुंकतात. हैबतरावांची गाठ आहे तेवढीच आहे, ना वाढली ना घटली. बांबू मात्र पुन्हा गोड लागू लागला आहे.

पुढे ट्रायलमध्ये नवे रुग्ण यायचे होते. साळवीबाईंनी हैबतरावांना त्यांच्यासमोर बोलायला बोलावलं. सत्पुरुषाचं भाषण म्हणून वानरांचं मंडळही हार घेऊन आलं.

हैबतरावांनी तोंडातल्या फोडांपासून सुरुवात केली. मग मळमळीवर आले. मग पोट बिघडण्याचं इतकं बारकाईने सांगितलं, की वानरं एकेक करून उठून गेली. हारही परत घेऊन गेली.

नवे रुग्ण मात्र आणखी जवळ सरकत राहिले. त्यातलं एक रानडुक्कर चाचरत म्हणालं, "आणि काका, झोपेचं कसं असतं?"

"मांडी घालून बस बाबा," हैबतराव म्हणाले. "झोपेचं बरंच लांबण आहे."

तात्पर्य: मुलांनो, निमूटपणे सोसणाऱ्याच्या गळ्यात हार पडतो आणि शेजारणीचा डोस वाढतो. म्हणून आजारपणात धीराने वागू नका, मनापासून कुरकुर करा. तेवढीच विज्ञानाची सेवा होते. आणि कुरकुर ऐकवत नसेल, तर कसं काय म्हणून कोणाला विचारू नका.