सव्वादोन टन आणि एक बशी

रविवार, ९ फेब्रुवारी २०२५, सकाळी सहा वाजून वीस मिनिटे. अष्टमी ते नागोठणे. बशीत घातलेला चहा शंभर मिलिलिटर. सांडलेला चहा चौऱ्याहत्तर मिलिलिटर.

माझ्या वहीतली ही पहिली नोंद. प्रयोग मात्र माझा नव्हता. तो आमच्या कुंपणभिंतीपलीकडे राहणाऱ्या दाऊदचाचांचा होता. त्यांची उपकरणे तीनच : एकवीस वर्षे वापरलेली सव्वादोन टनांची गाडी, तिच्या डॅशबोर्डवर कणकेच्या गोळ्याने घट्ट बसवलेली खोलगट बशी आणि त्या बशीत काठोकाठ चहा. चहा ओतल्यावर पाच मिनिटे थांबायचे, मग इंजिन सुरू करायचे, असा नियम होता.

"पाणी का नाही घेत?" मी पहिल्याच दिवशी विचारले. पदार्थविज्ञानात एम.एस्सी. झालेल्या मुलीने एवढे तरी विचारायलाच हवे.

"पानी खोटं बोलतं, गो. सांडतं आनि गप बसतं. चहावर साय धरते. सांडायच्या आधी ती फाटते. म्हंजे आधी इशारा, मग नुकसान."

मी मनातल्या मनात हसले. महिनाभरात ध्यानात आले की एक थेंबही न सांडवणारा बारीक धक्का सायीवर स्पष्ट उमटतो. हसणे थांबवून मी वहीत 'साय' असा नवा रकाना आखला.

चाचांनी सव्वीस वर्षे आखातातल्या एका गॅरेजमध्ये मोठ्या गाड्यांचा पुढचा भाग दुरुस्त केला. इंजिन नाही, मागची चाकेही नाहीत; फक्त पुढची चाके, त्यांना धरणारे आर्म, शॉक अ‍ॅब्सॉर्बर आणि स्टिअरिंग. मागच्या चाकाविषयी काही विचारले, तर परक्याच्या घरातली भानगड विचारल्यासारखे तोंड करीत. गावी परतल्यावर त्यांनी ही जुनी गाडी घेतली. तिला ते 'मोठी' म्हणतात. धाकटी कुणी नाही. चाची वारल्या, दोन्ही मुलगे आखातातच स्थिरावले. घरात चाचा, दारात मोठी.

त्यांची ठेवणीतली वाक्ये दोन. "मोजून बोल" आणि "घाई कोनाला हाय?" दुसऱ्याचे उत्तर मी कधी दिले नाही. घाई मला होती. कंपनीतली शिफ्ट सांभाळून मी संशोधनासाठी अर्ज करीत होते, आणि रविवारची सकाळ चहा मोजण्यात घालवणे हे माझ्या कोणत्याही आराखड्यात बसत नव्हते. तरीही मी जात होते, कारण त्या चहामागे आमचे घर होते.

नऊ वर्षे आमचा गणपती हमरापूरहून चाचाच आणत आले. शाडूची मूर्ती मागच्या सीटवर माझ्या मांडीत, आणि पुढे चाचा. गेल्या वर्षी वडखळच्या अलीकडे एका खड्ड्यात मोठीचे पुढचे चाक आपटले आणि मूर्तीच्या आशीर्वादाच्या हाताची करंगळी तुटली. बाबांनी ओल्या मातीने ती जोडली, वर रंग लावला, पूजा यथासांग पार पडली. पण आई अंगणात सहज म्हणाली, "पुढच्या वर्षी टेम्पो सांगू या."

आमची भिंत कमरेएवढी आहे. पलीकडे चाचा नळी लावून गाडी धूत होते. पाण्याचा आवाज थांबला.

विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी मोठीचा जबडा उघडा पडला. करंगळीचे नाव चाचांनी काढले नाही, टेम्पोचे तर नाहीच. त्यांनी सांध्यांतले झिजलेले रबरी बुश काढले, बॉल जॉइंट बदलले, नवे शॉक अ‍ॅब्सॉर्बर मागवले. स्टिअरिंगची हकीकत निराळी. जुने इतके ढिले होते की चार बोटे फिरवल्यावर चाकांपर्यंत बातमी पोचे. चाचांनी त्याच जातीच्या नव्या गाडीचा स्टिअरिंग बॉक्स मिळवला, पण तो जुन्या चौकटीवर बसेना. त्यासाठी लागणारी पोलादी पट्टी त्यांनी रोह्यातल्या लेथवाल्याकडून सात वेळा करून घेतली.

सातव्या वेळी तो वैतागला. "चाचा, केसभर फरक हाय. ऱ्हाऊ द्या ना आता."

"केसभर फरक घेऊन तू सासुरवाडीला जा. मला हमरापूरला जायाचाय."

एका संध्याकाळी त्यांनी मोठीच्या बॉनेटवर तळहात ठेवला, एकदा दाबला, सोडला आणि डोळे मिटले. "दीड," ते म्हणाले. गाडी दीड वेळा हलून स्थिरावली, असा त्याचा अर्थ. मी फोनमधल्या संवेदकाने तीच चाचणी पाच वेळा घेतली, आलेख काढला. दीड. उपकरणाने माणसाला दुजोरा द्यावा, हे मी तोवर पाहिले नव्हते. मी फोन खिशात ठेवला आणि त्या हातांकडे पाहत राहिले. ते इतके निश्चल असत की टेकलेले आहेत की धरलेले, हे कळू नये.

मार्चमध्ये एक्कावन्न मिलिलिटर. मेमध्ये एकोणीस. जुलैच्या खड्ड्यांत चार, पण साय फाटलेली. ऑगस्टच्या पहिल्या रविवारी शून्य, साय अखंड. मी वही आईपुढे ठेवली.

"साय काय दाखवतेस? बोट मातीचं आहे," आई म्हणाली. पुढच्या रविवारी मात्र ती स्वतः पुढच्या सीटवर येऊन बसली. हातात सुई आणि दोऱ्याचे रीळ.

भिसे खिंडीत रस्ता अगदीच चाळणी झाला होता. "दाऊदभाई, आता मुद्दाम हळू करू नका," असे बजावून आईने दोऱ्याचे टोक ओठांत ओले केले, सुई डोळ्यांसमोर धरली आणि पहिल्याच खेपेला दोरा ओवला.

चाचांनी नजर रस्त्यावरून हलवली नाही. "गेला काय, वैनी?"

"गेला."

"सुई कंची?"

"मोजून बोलायचं तर दहा नंबरची. बारीक."

खिंड मागे पडली. मग आई रीळ गुंडाळत म्हणाली, "ह्या वर्षी बघू." टेम्पो सांगितला गेला नाही, पण दहाव्या वर्षापुरताच.

२६ ऑगस्टला हमरापूरच्या कारखान्यात चाचांनी मूर्तीची सगळी बोटे मोजली. मूर्तिकार हसला, "चाचा, मी कमी देत नाय कोनाला." मूर्ती माझ्या मांडीवर आली, बशी भरली, साय धरेपर्यंत थांबलो आणि निघालो.

अकरा महिन्यांच्या मेहनतीने चांगला वेग सोसू शकणारी ती गाडी चाचांनी बैलगाडीच्या चालीने चालवली. मागचे टेम्पो भोंगे वाजवत पुढे गेले. प्रत्येकात एकेक गणपती. "घाई कोनाला हाय?" वडखळच्या अलीकडचा तो खड्डा वर्षभरात रुंदावला होता. मोठीचे चाक त्यात उतरले आणि वर आले. कुणी झोपेत श्वास घेऊन सोडावा, एवढेच मला जाणवले. सव्वादोन टनांबद्दल मी हे लिहिते आहे; यासाठी माझ्याजवळ सूत्र आहे, शब्द नाहीत.

दारात आई भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. मी उतरून मूर्ती बाबांच्या हाती दिली. तिने मूर्तीवरून तुकडा ओवाळून टाकला, बाबांच्या पायांवर पाणी घातले, करंगळी बोटाच्या टोकाने हलकेच चाचपली. बाबा मूर्ती घेऊन आत गेले. आई मात्र गाडीला वळसा घालून चाचांच्या बाजूला गेली आणि तांब्यातले उरलेले पाणी तिने मोठीच्या पुढच्या चाकावर ओतले.

"दाऊदभाई, पुढच्या वर्षीचं आताच सांगून ठेवते. आणि त्याच्या पुढचंही. मूर्ती तुमच्याच गाडीतून येणार."

 चाचांनी वळून बशी कणकेतून सोडवली. चहा काठोकाठ होता, साय अखंड.

"मोजून बोल, गो," ते म्हणाले आणि बशी खिडकीतून माझ्या हाती दिली.

आत जाऊन मी मोजले. मंगळवार, २६ ऑगस्ट २०२५. हमरापूर ते अष्टमी : सांडलेला चहा शून्य. मोठीच्या खिडकीतल्या चाचांच्या हातापासून माझ्या हातापर्यंत : नऊ मिलिलिटर.