ढोमणेकाका बाजू बदलतात

ढोमणेकाका टीव्हीसमोर मॅच बघायला बसले की आधी एकच प्रश्न विचारतात, "कोण हरून राहिलं?" उत्तर मिळालं की ते त्या बाजूचे. कुठला देश, कुठला खेळ, याच्याशी त्यांना देणंघेणं नाही. मागे आमच्या घरी भारताची मॅच बघायला बर्मिंगहॅममधली आठदहा मराठी डोकी जमली होती. भारत आरामात जिंकत होता आणि काका एकटे समोरच्या टीमसाठी टाळ्या वाजवत बसले होते. मग आपल्या धडाधड विकेट पडल्या, खोलीत सुतकी शांतता पसरली, तेव्हा काका आपली खुर्ची उचलून आमच्यात आले. "चला, आता मी तुमचा," म्हणाले. काकांना पुन्हा मॅचला बोलवायचं नाही, असं माझ्या नवऱ्यानं त्याच दिवशी ठरवून टाकलं.

आमचं घर सेमी-डिटॅच्ड. अर्धं आमचं, अर्धं काकांचं, मधे एक भिंत. काका मूळचे नागपूरचे. रेल्वेच्या सिग्नलचं काम करायला तरुणपणी इकडे आले आणि इथेच रिटायर झाले. काकू जाऊन काही वर्षं झाली. तेव्हापासून त्यांचं हे हरणाऱ्यांचं वेड वाढलं, असं आमच्या रस्त्यावरची जुनी माणसं म्हणतात.

कोपऱ्यावर एका तुर्की मुलानं सलून उघडलं. चिटपाखरू फिरकत नव्हतं, तोवर काका दर आठवड्याला तिथे केस कापायला जायचे. काकांना केस म्हणजे कानामागे जेमतेम एक पट्टी. पण सलून चालायला लागलं, शनिवारी बाहेर रांग लागायला लागली, तसं काकांनी तिकडचं तोंड पाहणं सोडलं आणि समोरच्या चिप शॉपला धरलं. तिथले चिप्स कुत्रंसुद्धा हुंगून सोडून देईल. सुपरमार्केटमधून ते स्वस्तात काढायचं पिवळं स्टिकर लावलेली, माना टाकलेली झाडं आणतात. झाडानं बाळसं धरलं की कुणालातरी देऊन टाकतात. गणपतीच्या कार्यक्रमात एखादं पोर गाणं विसरून स्टेजवर रडायला लागलं, की मागच्या रांगेतून खणखणीत आवाज येतो, "वन्स मोअर!"

मी पुण्याची आहे. माणसाला एखादं वेड असावं हे मला मान्य आहे, फक्त ते त्यानं आपल्या अर्ध्या घरात ठेवावं. काकांचं वेड भिंत ओलांडून माझ्या अर्ध्यात आलं, ते सोहममुळे.

सोहम माझा मुलगा, वय वर्षं सतरा. क्रिकेट सोडून त्यानं कुठल्याशा मित्राच्या नादानं बेसबॉल धरला. आमच्याजवळच्या पार्कात रविवारी सामने होतात. तिथे बॅट घेऊन उभं राहायचं, तीनदा चुकलं की आऊट. सोहम तीनदा चुकायचा. पुढच्या वेळी पुन्हा तीनदा चुकायचा. एप्रिल गेला, मे गेला, पोराच्या बॅटला एकदाही धड बॉल लागला नाही. जेवताना त्यानं एकदा हे काढलं, तर नवरा म्हणाला, "बेसबॉलमध्ये बॉलला टप्पा नाही, म्हणजे सगळे फुलटॉसच की रे! आणि तरी लागत नाही?" मी हसले नव्हते. फक्त माझे ओठ हलले. पण त्या दिवसापासून सोहमनं आमच्याशी बेसबॉलचा विषय बंद केला. सीझन संपेपर्यंत एकही हिट मिळाली नाही तर तो खेळ सोडणार आहे, हे मला कळलं तेही काकांकडून.

काकांना कसं ठाऊक? तर काका पार्कात फिरायला जातात. तिथे त्यांना बॅट घेऊन वाऱ्याशी झुंजणारा एक मुलगा दिसला. काका कुंपणापाशी गेले, टाळ्या वाजवल्या. तो मुलगा आपल्या शेजारचाच निघाला, तेव्हा तर त्यांना आकाश ठेंगणं झालं. पुढच्या रविवारपासून घडीची खुर्ची, थर्मास आणि चिवड्याचा डबा घेऊन काका पार्कात हजर.

मी सोहमला म्हटलं, "मीपण येते. ड्युटी बदलून घेते." हॉस्पिटलच्या फार्मसीत रविवार बदलून घेणं म्हणजे किती जणींच्या हनुवटीला हात लावावा लागतो, ते माझं मला माहीत.

"आई, तू नको येऊ ना. इट्स अ बिट एम्बॅरसिंग."

"आणि काका येतात ते?"

"काका येते ते ओके आहे."

खोटं कशाला बोलू? मला हेवा वाटला. पोटात दुखलं अक्षरशः. नऊ महिने मी वाढवलं, कावीळ झाली तेव्हा रात्री मी जागवल्या, आणि 'ओके' कोण, तर काका!

मी गेलेच. बरोबर गरम बटाटेवडे नेले, अख्ख्या टीमला पुरतील एवढे. टीमनं हात चाटूनपुसून खाल्ले. माझा मुलगा मात्र काकांच्या खुर्चीपाशी गवतात बसून त्यांचा मऊ पडलेला चिवडा खात होता. मी कानोसा घेतला. म्हटलं, हा माणूस त्याला शिकवतो तरी काय?

काका काहीच शिकवत नव्हते. "हं, आता सांग," ते म्हणाले, "आज कसा कसा आऊट झाला?"

आणि सोहम सांगत होता! घरी ज्याच्या तोंडून 'हं' आणि 'फाइन' याखेरीज शब्द निघत नाही, तो मुलगा हातवारे करून सांगत होता. बॉल कसा आत आला, माझा बॅट कसा लेट झाला, बॉल टाकणाऱ्या पिचरनं कसं फसवलं. काका पक्वान्नाचं वर्णन ऐकावं तसे ऐकत होते. "मग? मग तू काय केलं? अरे बाप्पा! पूर्ण फिरवली? आणि बॉल कुठं? मागं? वा रे पोट्ट्या!"

त्या आठवड्यात मीही करून पाहिलं. सोहमच्या ताटात पोळी वाढता वाढता मी गोड आवाजात विचारलं, "सांग ना, रविवारी कसा आऊट झालास?" त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्याच्या पोळीवर मीठ चोळलं. "व्हाय वुड यू आस्क दॅट?" म्हणाला आणि ताट घेऊन वर गेला. वर जाऊन दार आपटलं. आमच्याकडे दार रोजच आपटतं, कधी तो आपटतो, कधी मी.

जुलैत एका मॅचमध्ये पिचरचा बॉल सरळ सोहमच्या मांडीवर बसला. मी किंचाळले. पाण्याच्या पिशवीतला आइसपॅक उचलून मैदानात धावले. अंपायर "मॅडम, मॅडम" करत आडवा आला. मागून काकांचा जल्लोष चालला होता, "पोचला! पोचला बाप्पा!" कारण बॉल अंगावर बसला तर एरवी पळून गाठायच्या पहिल्या बेसवर फुकट जायला मिळतं म्हणे. माझं पोर लंगडत चाललंय आणि हा माणूस खुर्चीवर चढून नाचतोय! परतताना गाडीत सोहम माझ्याशी बोलला नाही, मी मैदानात धावले म्हणून. काकांशी हसून बोलला, ते नाचले म्हणून. गाडी मी चालवत होते, पेट्रोल माझं होतं आणि गप्पा मागच्या सीटवर रंगल्या होत्या.

तेव्हाच माझ्या डोक्यात प्रकाश पडला. काका हरणाऱ्यांचे. म्हणजे सोहमला एकदा बॉल लागू दे, की काका सलूनसारखं त्याच्याकडचंही तोंड पाहणं सोडणार. मी संध्याकाळी दिवा लावताना रोज देवाला सांगायला लागले, पोराला एक हिट मिळू दे. मागण्याची कारणं दोन होती. त्यातलं एकच देवाला सांगत होते.

सीझनची शेवटची मॅच आली. सोहम आधी दोनदा रीतसर आऊट झाला. पुढच्या वेळी उभा राहिला तेव्हा चेहरा पांढराफटक. काका खुर्चीच्या कडेला आलेले. मी त्यांच्यापासून लांब, मुद्दाम. पहिला बॉल हुकला. दुसरा हुकला. तिसऱ्याला 'टक्' असा आवाज आला. इतक्या दिवसांत तो आवाज मी ऐकलाच नव्हता, त्यामुळे काय झालं ते मला क्षणभर कळलं नाही. बॉल दोन पोरांच्या मधून गवतात पळत होता.

सोहम धावला. बॅट हातात घेऊनच धावला. टीम ओरडतेय, "ड्रॉप द बॅट! ड्रॉप इट!" बेसबॉलमध्ये बॅट टाकून पळायचं असतं, पण याला सामन्यात बॅट टाकायची वेळच कधी आली नव्हती. बेसपाशी पोचला आणि खाली वाकून, हात लांब करून त्यानं बॅट जमिनीला टेकवली, क्रिकेटमध्ये रन पुरी करतात तशी. अंपायर पोट धरून हसला. "टेकव, टेकव, रनआऊट होशील," हे मी त्याला शिकवलं होतं, आमच्या बॅकगार्डनमध्ये, प्लॅस्टिकच्या बॉलवर, तो माझ्या कमरेएवढा होता तेव्हा. तिथे उभ्या असलेल्या एकालाही हे ठाऊक नव्हतं. मला रडू आलं.

सोहमनं मान वर करून कुंपणाकडे पाहिलं. काकांच्या जागेकडे. ती रिकामी होती. काका घडीची खुर्ची काखेत मारून पलीकडच्या टीमकडे निघाले होते. ज्या पिचरला हिट बसली तो खांदे पाडून उभा होता, आणि काका त्याच्यासाठी टाळ्या वाजवत होते. सोहमचा चेहरा एकदम उतरला.

मला खरं तर पेढे वाटावेसे वाटायला हवे होते. माझा नवस तंतोतंत फळला होता. पण घरी येईपर्यंत माझ्या अंगाची लाही झाली. माझ्या पोराला असं टाकून जाणारे हे कोण? सोहम पाय आपटत वर गेला आणि मी तशीच शेजारी जाऊन बेल दाबली.

"काका, ही कुठली रीत? पोरगा तिथे उभा राहून तुम्हाला शोधत होता!"

"बस बेटा," काका म्हणाले. "सांगितलं का त्यानं तुला? कसा लागला ते?"

"नाही. फुगून बसलाय."

"सांगेल. मी नाही न आता, तुलाच सांगेल. हरल्याचं कुणालाही सांगता येते. जिंकल्याचं आईलाच सांगावं लागते."

मी उत्तराला तोंड उघडलं तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. त्यांचा मुलगा अमोल, मँचेस्टरला मोठा डॉक्टर आहे. काका खुर्चीत ताठ बसले. "हो. तब्येत बरी आहे. हो, घेतो न गोळ्या. तू? छान. छान. थँक्यू बेटा." फोन ठेवला. माझा श्वाससुद्धा अजून खाली बसला नव्हता.

"दर रविवारी करतो, कधी चुकत नाही," काका म्हणाले. "फार गुणी पोट्टा. शाळेत पहिला, कॉलेजात पहिला. कुठंच हरला नाही. मला येऊन काही सांगायचं कामच नाही पडलं त्याला." मग भिंतीकडे बघत म्हणाले, "दारसुद्धा कधी नाही आपटलं त्यानं. तुमच्याकडचं आपटते न, मला इकडं ऐकू येते."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "सॉरी, काका. आम्ही जरा हळू…"

"सॉरी काऊन? मी टीव्हीचा आवाज कमी करून ऐकतो. तो ओरडते, तू ओरडते. मला हेवा वाटते बेटा तुझा."

सबंध उन्हाळा मी या माणसाच्या नावानं जळत होते आणि हा माणूस भिंतीला कान लावून माझ्यावर जळत होता. मी उठून घरी आले.

सोहम जिन्यात बसून गार वडा खात होता. मला बघून थोडा सरकला आणि म्हणाला, "आई, यू नो, तो थर्ड बॉल? मला वाटला तो परत आत येणार, बट देन…"

एप्रिलपासून मी याच वाक्याची वाट पाहत होते. जिन्यावर त्याच्या शेजारी बसावं, दार लावून घ्यावं आणि सगळं एकटीनं ऐकावं, असं मला फार वाटलं.

"थांब," मी म्हटलं. "चप्पल घाल. काकांकडे सांग."

"व्हाय? काका जस्ट लेफ्ट, आई."

"माझ्यासाठी गेले होते. चल."

काकांनी दार उघडलं आणि आम्हा दोघांना बघून बाजूला झाले. सोहम आधी सोफ्याच्या टोकावर तोंड पाडून बसला. मग सुरू झाला, मग उभा राहिला, मग काकांची छत्री बॅट म्हणून हातात घेतली. "बॉल माझ्या राइटला गेला…"

"राइटला कुठे? डावीकडे गेला," मी म्हटलं. "मी समोर उभी होते."

"आई, आय हिट इट! मला माहीत आहे!"

"मला काय डोळे नाहीत? लाल टोपीवाल्याच्या बाजूनं गेला."

"तुला बेसबॉल कळतच नाही! यू नेव्हर लिसन!"

"आवाज खाली कर, आपण दुसऱ्यांच्या घरात आहोत!"

काका खुर्चीत मागे रेलले होते. एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होते. "भांडा बाप्पा, भांडा," ते म्हणाले. "मी चहा मांडतो."

पण ते चहा मांडायला उठलेच नाहीत. तिथेच बसून राहिले.