आखूड पलंगाची आणि विटांच्या राज्याची हकीकत

श्री. शके १९३३, माघ मासी, विलायतेत बर्फ पडत असता, शालिनीबाई पेडणेकर यांचे पत्र सेवकास पावले. पत्री एकच गोष्ट पुसिली होती, की आमचा पलंग आखूड आहे की नाही ते खरे लिहावे. उत्तर लिहिणे प्राप्त होते, ते अकरा वर्षे जाहाले नाही. कारण ऐसे की, लेखणी हाती घेतली म्हणजे वाटावे, पलंगाचे सांगणे तर नमुन्याचे घर आधी सांगितले पाहिजे, आणि घराचे सांगणे तर राज्य सांगितले पाहिजे, आणि राज्य म्हटले की थोरल्या महाराजांपासून आरंभ आला. मग आरंभ करावा आणि पलंगापर्यंत पोचण्याआधी धीर सुटावा. ऐसे सतरा खर्डे जाहाले. हा अठरावा. सेवक त्या राज्यात दफ्तर सांभाळीत होता, बखर लिहिण्याची त्याची योग्यता नव्हे. चुकेल ते वाचणाराने पोटात घालावे.

तरी हे राज्य म्हणजे घरे बांधून विकणाऱ्या एका मंडळीचे राज्य. थोरले महाराज मूळचे गवंडी. शके १८६९त, मोठे युद्ध सरून दोन वर्षे जाहाली होती आणि लोकांस राहावयास छप्पर नव्हते, त्यासमयी महाराजांनी आपल्या बहिणीसाठी एक घर बांधावयास घेतले. भिंती कमरेइतक्या आल्या तो शेजारी येऊन म्हणाला, "हेच घर मला द्या." महाराज बोलिले, "हे बहिणीचे." शेजारी म्हणाला, "मग याच्या शेजारचे द्या." शेजारी तर नुसते कोबीचे शेत होते. महाराजांनी शेतात चार खुंट्या ठोकून दोरी बांधली आणि म्हणाले, "हे घ्या, ही तुमची बैठकीची खोली." तेथून राज्यात रीत पडली की, घर आधी विकावे आणि मग बांधावे. मग शेते घेतली, आणि गावोगावच्या पंचायतींपुढे नकाशे नेले, आणि पंचायतींनी नाही म्हटले की झाडे चार वाढवून तेच नकाशे पुन्हा नेले. महाराजांमागे चिरंजीवांनी दुसऱ्या बांधकामवाल्यांची राज्ये जोडली; त्यास सोयरीक म्हणावी की स्वारी, हे सेवकास नीट ठरविता येत नाही. राज्य उत्तरेस डोंगरापर्यंत आणि दक्षिणेस समुद्रापर्यंत गेले.

वसाहतीस नाव देण्याची रीत ऐसी की, तेथे जे होते आणि आपल्यामुळे गेले, त्याचे नाव द्यावे. कुरण मोडून जी वसाहत केली तिचे नाव कोल्हेकुरण ठेविले. कुरण गेले, कोल्हे मात्र गेले नाहीत; सकाळी कचऱ्याचे डबे उलथून दारात बसत. याच कोल्हेकुरणी एक तळे होते आणि त्यात पालीएवढे एक जनावर निघाले. त्या देशी त्या जनावरास सरकारचे अभय आहे. मग सारे काम अडीच महिने थांबले, आणि जनावरांस बादल्यांत घालून दुसऱ्या तळ्यात पोचविण्यास विद्वान माणसे आली. कामावरचा मुकादम डोक्यास हात लावून म्हणाला, "माझ्या सासूला घर बदलताना कोणी एवढे जपले नव्हते!"

आता नमुन्याचे घर. वसाहतीच्या तोंडाशी एक घर आधी पुरे करून सजवीत, की येणाराने ते पाहावे आणि न बांधलेले घर विकत घ्यावे. त्या घरातील खोल्या प्रशस्त दिसाव्या म्हणून दारे काढून ठेवीत, आरसे लावीत, आणि सामान लहान करीत. इद्रिस म्हणून वेल्स देशीचा सुतार होता, तो खुर्च्या बारीक करी आणि पलंग आखूड करी. चादर अशी काही ओढून घाली की कोणास कळू नये. पलंगापुढे रेशमी दोरी बांधलेली असे. वर कोणी बसू नये, निजणे दूरच. हे गुपित इद्रिसास ठाऊक, विक्रीवाल्या बाईस ठाऊक आणि दफ्तरात मापे उतरून घेणाऱ्या सेवकास ठाऊक.

वसाहत भरली म्हणजे शेवटी नमुन्याचे घरही सामानासकट विकीत. शके १९३३च्या मार्गशीर्षात कोल्हेकुरणीचे ते घर घेण्यास शालिनीबाई आल्या. बाई इस्पितळात परिचारिका, मूळच्या मालवणकडच्या. यजमान दत्तारामराव बस चालवीत. उंची सहा फूट दोन बोटे. सेवक किल्ल्या मोजून देण्यास गेला होता. "एक, दोन, तीन" असे मराठीत पुटपुटला, तो बाई गर्रकन वळल्या.

"अगंबाई, आपले का हो तुम्ही? भाऊ, कुठले?"

"वाईकडचा," सेवक बोलिला, आणि भिंतीस टेकला.

दत्तारामराव पलंगाकडे पाहून म्हणाले, "शालन, जरा आडवा होऊन बघू काय?"

विक्रीवाली बाई दोरीपुढे उभी राहिली आणि हसून नको म्हणाली. शालिनीबाई म्हणाल्या, "राहू दे हो. तुम्ही निजलात तर बिचारी उद्या इस्त्री करीत बसेल." मग सेवकाकडे वळून पुसिले, "काय भाऊ, सामान चांगले आहे ना?"

त्यासमयी खरे बोलणे प्राप्त होते. सेवक म्हणाला, "लाकूड उत्तम आहे." लाकूड उत्तम होतेच.

दोन महिन्यांनी ते पत्र आले. "भाऊ, यजमान म्हणतात, या घरात येऊन मी उंच झालो, पाय बाहेर जातात. पन्नाशीला माणूस वाढतो काय? तुम्ही आपले माणूस, खरे काय ते सांगा. रविवारी जेवायलाच या, सोलकढी करते." त्या देशी सेवकास भाऊ म्हणणारे दुसरे कोणी नव्हते. तरी गेला नाही. राज्याचे मीठ खाल्ले होते हे एक कारण; दुसरे आणि खरे कारण लाज. मग गणपतीच्या उत्सवी सभागृहात जावे, आणि गर्दीवर दत्तारामरावांचे डोके दिसले की प्रसाद न घेता मागच्या दाराने निघावे. उंच माणूस चुकविणे सोपे असते. एकदा घाईत दुसऱ्याचाच ओव्हरकोट घालून सेवक घरी आला, तो परत करण्यास आणखी एक वर्ष लागले.

शके १९४४त राज्यास पाऊणशे वर्षे जाहाली. सेवक तोवर निवृत्त होता. राज्याचे आताचे धनी, म्हणजे हुजूर, यांनी फर्माविले की, राज्याची सारी हकीकत लिहून द्यावी. सेवकापाशी सतरा आरंभ तयार होते. लिहीत लिहीत प्रथमच पलंगापाशी पोचला, आणि माप आठवेना. मग आगगाडीने वेल्सास इद्रिसाकडे गेला. इद्रिस परसात कांदे उपटीत होता.

"कोल्हेकुरणीचा पलंग केवढा होता?" सेवकाने पुसिले.

"पाच फूट तीन इंच. मीच कापला, आणि मीच वाढविला."

"वाढविला? कधी?"

"घर घेतले त्याच आठवड्यात. बाईने फीत लावून मापला आणि मला फोन केला. म्हणाली, सुतारबुवा, नवऱ्याचे पाय कापायचे की पलंग वाढवायचा, लवकर सांगा. इस्पितळात दोन्हीची सोय आहे." इद्रिस इतका हसला की कांदे हातून पडले.

सेवकाने खिशातून पत्र काढले. "मग दोन महिन्यांनी हे मला का पुसिले?"

"अरे शहाण्या, मीही तेच विचारले. ती म्हणाली, तो कारकून भिंतीला चिकटून उभा होता, नुसता जेवायला बोलाविला तर यायचा नाही. काहीतरी काम काढले पाहिजे. प्रश्न विचारला तर उत्तर द्यायला तरी येईल." इद्रिसाने हात झटकले. "दर दिवाळीला मला डबा देते आणि विचारते, तुझा तो कारकून बरा आहे ना? मी म्हणतो, बरा आहे, लिहीत असेल."

सेवक वाकून कांदे गोळा करू लागला.

सारांश ऐसा. चार खुंट्या आणि एक दोरी यांपासून राज्य जाहाले, लाखो माणसांस छप्पर मिळाले, कोल्हे आपल्या जागी राहिले, आणि पलंग अकरा वर्षांपूर्वीच पुरता लांब जाहाला होता. हुजुरांस बखर रवाना केली, ती पलंगासुद्धा. बाईंस बखर पाठविली नाही. त्यांस लिहिले ते इतकेच: "पलंग आखूड होता. यजमान वाढले नाहीत. मला ठाऊक होते आणि मी बोललो नाही, क्षमा असावी. रविवारी येतो." खाली सही केली, भाऊ. शके १९४५, वैशाख शुद्ध पंचमीस, कोपऱ्यावरच्या तांबड्या पेटीत पत्र टाकिले, आणि आत पडले की नाही हे दोनदा वाकून पाहिले. पडले होते.